उघाडीतील खरेदीखत

घाटाखालच्या मुलुखात जमिनीची देवघेव बारमाही नसते. मृगापासून हस्तापर्यंतचे चार महिने कर्जत-खालापूरची भुई पाण्याच्या ताब्यात असते. त्या अवधीत येथे शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, खाचरांचे बांध बुडतात, ओहोळांना नद्यांचे रूप येते, आणि एकाची हद्द कोठे संपून दुसऱ्याची कोठे सुरू होते, हे त्या बांधांवर ज्यांनी जन्म काढला त्यांच्याखेरीज कोणासही सांगता येत नाही. दसऱ्यानंतर पाऊस ओसरतो, आधी हळवी आणि मागाहून गरवी भाते कापणीस येतात, खळ्यावर झोडणी होते, पेंढा रचला जातो, आणि मार्गशीर्षाच्या तोंडाशी रिकामी झालेली खाचरे, त्यांचे बांध, बांधावरची सागाची अथवा ऐनाची झाडे, मळ्याची वाट, विहिरीचा कठडा, हे सारे स्वच्छ उन्हात एकदम नजरेच्या टप्प्यात येते. मुंबईची माणसे आज ज्या दिवसांत घरासाठी अथवा घराच्या जागेसाठी या दोन तालुक्यांत फिरू लागतात, ते हेच दिवस होत. त्यांना येथे आणणारी कारणे हवेची, सुट्टीची आणि सोयीची आहेत हे उघडच आहे. तथापि हा हंगाम त्यांच्याही फार आधीपासून येथे रूढ आहे, आणि त्याची घडण मोजणी, शेतसारा व कर्ज या तीन गोष्टींनी झालेली आहे, असे जुन्या व्यवहारांकडे पाहता माझे मत झाले आहे.

पेशवाईच्या अमलात या भागात घर विकत घेणे ही गोष्टच विरळा होती. कुणब्याचे घर म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण आणि वर गवताचे शाकारण. ते पावसाळ्यापूर्वी दरसाल नव्याने उभे राहिल्यासारखेच असे, आणि त्याची किंमत त्याच्या खालच्या जागेपलीकडे फारशी कोणी करीत नसे. विकली जाई ती मिरास, वतन, अथवा वहिवाटीचा हक्क. अशा दस्तऐवजांत पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशी चतुःसीमा लिहून जमीन ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप’ यांसह देत असल्याचा मजकूर घालण्याची चाल होती, आणि आश्चर्य असे की तोच मजकूर आज संगणकावर छापलेल्या खरेदीखतातही जसाच्या तसा उतरतो. आपण बंगल्यासाठी घेतलेल्या अकरा गुंठ्यांतील गवताची काडी आणि पुरलेले धन हे दोन्ही आपल्या नावे झाले आहे, याची वाशीच्या अथवा ठाण्याच्या खरेदीदारास बहुधा वार्ताही नसते. परंतु ती चतुःसीमा ठरविण्यासाठी गावच्या पाटलाने, कुलकर्ण्याने आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी हद्दीवरून पायी फिरावे लागे, आणि ते फिरणे चिखलात होण्यासारखे नव्हते.

त्या काळी या प्रदेशास जे महत्त्व होते ते वाटेचे. बोरघाटातून देशावरचे धान्य खाली उतरे आणि कोकणचे मीठ बैलांच्या पाठीवरून वर चढे. ही वाहतूक उघाडीतच चाले, आणि घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस तांडे मुक्कामास थांबत. नाना फडणविसांनी तेथे बांधविलेला प्रशस्त तलाव आणि महादेवाचे देवालय आजही उभे आहे. वाटसरूच्या तहानेची एवढ्या मोठ्या प्रमाणावर सोय करावीशी वाटणे, यावरून त्या रहदारीचा अंदाज बांधता येतो. म्हणजे परक्या माणसाने या मुलुखात हिवाळ्यात यावे, घासाघीस करावी आणि पावसापूर्वी निघून जावे, हा क्रम आजच्या गिऱ्हाइकाने पाडलेला नाही.

इंग्रजी अमलाने या क्रमाला कायद्याची चौकट दिली. पूर्वी जमीन काठीने मोजीत. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर, असे कोष्टक होते, आणि काठीची लांबी गावोगाव थोडीफार वेगळी असल्याने बिघाही गावोगाव वेगळा भरे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर्व्हे खात्याचे लोक या तालुक्यांत आले ते लोखंडी शंकू-साखळी घेऊन. ही साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग सोळा. प्रत्येक भागास आणा म्हणत. एका साखळीची लांबी व एका साखळीची रुंदी मिळून जो चौरस होतो तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि अशा चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीदार साखळी धरी, दोन माणसे झेंडे रोवीत, शेतकरी हद्द दाखवी, आणि शेजारच्याची तक्रार असल्यास ती तेथेच, बांधावर, तोंडी लढविली जाई. संध्याकाळी तंबूत कंदिलाच्या उजेडात त्या दिवसाचे आकडे मोजणीच्या पुस्तकात चढत. पाऊस लागला की हे पथक ठाण्यास परते आणि चार महिने नकाशे काढणे व आकारणीचा हिशेब करणे एवढेच काम राही. आज ज्या ‘सर्व्हे नंबर’वर आणि ‘हिस्सा नंबर’वर लाखो रुपयांचे व्यवहार होतात, त्यांची रेघ अशा सुक्या खाचरांत आखली गेली. ठाण्याचा उल्लेख केला तो अशासाठी की कर्जत तालुका त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. तो कुलाब्याकडे आला तो १८९१ मध्ये, आणि खालापूर पुष्कळ वर्षे त्याचाच पेटा म्हणून चालले. कुलाब्याचे ‘रायगड’ हे नामांतर तर १९८१ चे. जुन्या दस्तांचा शोध अलिबागेत न लागल्यास ठाण्यास जावे लागते, त्याचे कारण हेच.

बाहेरच्या माणसाने केवळ राहण्याच्या हौसेने या भागात घर करावे, याचा पहिला नमुना माथेरानच्या डोंगरावर सापडतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा १८५० च्या मे महिन्यात फिरतीवर असताना चौक येथे मुक्कामास होता, आणि तेथून तो डोंगर चढून गेला. त्या पठारावरची गर्द सावली आणि थंड वारा त्यास इतका मानवला की त्याच वर्षी पावसाळा संपताच, नोव्हेंबरात, तो पुन्हा वर गेला आणि राहण्याच्या सोयीस लागला. पुढे लॉर्ड एल्फिन्स्टन याने तेथे बंगला बांधल्यावर मुंबईच्या गोऱ्या अंमलदारांची आणि मागोमाग पारशी, बोहरी व हिंदू सावकारांची रीघ लागली. या बंगल्यांखालची जमीन सरकारने विकली नाही, पट्ट्याने दिली. आणि हे बंगले पावसाळ्यात राहण्यासाठी नव्हतेच. मे अखेरीस भिंतींना गवताच्या झडी बांधून घर बंद करावे, माळ्याच्या हवाली करावे, आणि दसरा उलटल्यावर उघडावे, अशी तेथली रीत होती. घराचा मालक एकीकडे आणि घराचा पावसाळा सोसणारा दुसरीकडे, ही विभागणी या तालुक्यात प्रथम झाली ती माथेरानात. तिचा पुढे सपाटीवर जो विस्तार झाला, तो मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

आगगाडीने अंतर तोडले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा रूळ १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आला, आणि सात वर्षांच्या भगीरथ खटपटीनंतर १८६३ मध्ये बोरघाटाची चढण गाडीस खुली झाली. नेरळहून माथेरानची छोटी गाडी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यातील अब्दुल हुसेन यांनी १९०७ मध्ये सुरू केली. त्यानंतर टाटांनी घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली सोडून खोपोलीस १९१५ मध्ये आणि भिवपुरीस १९२२ मध्ये विजेची केंद्रे उभारली. मुंबईच्या गिरण्या व ट्रामगाड्या या विजेवर चालल्या हे सर्वश्रुत आहे. परंतु चाकांवरून सुटलेले तेच पाणी भिवपुरीखाली उल्हास नदीस मिळते आणि राजनाल्याच्या कालव्यातून कर्जतच्या खाचरांत खेळते, त्यायोगे कित्येक गावांत उन्हाळी भाताचे दुसरे पीक निघते, हे मुंबईत थोड्यांस ठाऊक असेल. जेथे हे पाणी पोहोचले तेथे शेतकऱ्याने जमीन अधिक काळ हातची सोडली नाही. जेथे पोहोचले नाही, तेथे दिवाळीनंतरचे शिवार वालाच्या पिकापुरतेच हिरवे राहिले, आणि ती जमीन बाजारात आधी आली.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहता हिवाळा हा जमीन विकण्याचा हंगाम का ठरला, याचे उत्तर निराळे आहे. आषाढ-श्रावणात घरातले भात संपे, आणि लावणीच्या मजुरीसाठी सावकाराच्या कणगीतून धान्य उचलावे लागे. ते सुगीत सवाईने अथवा दिढीने फेडावयाचे. म्हणजे एक खंडी भात आणलेल्या माणसाने तीन-चार महिन्यांनी सव्वा अथवा दीड खंडी मोजून द्यावयाचे. पीक खळ्यावर येताच सावकाराचा माणूस खळ्यावर येई, सरकारचा हप्ताही याच दिवसांत उभा राही, आणि दोन्ही भागविल्यावर लग्नकार्यास अथवा आजारपणास हातात काही उरले नाही म्हणजे मुदतखरेदीचा कागद होई. मुदतीत रक्कम फेडल्यास जमीन परत, न फेडल्यास कायमची गेली. पुष्कळ कुणबी आणि ठाकूर आपल्याच वडिलार्जित खाचरांत कूळ म्हणून राबू लागले ते अशा कागदांमुळे, आणि ते कागद बहुतांशी कार्तिक ते माघ या काळातले असत.

या चक्रावर नेमका घाव घालण्याचा विचार ज्याने केला तो याच मातीतला होता. भाई कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानात एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, आणि कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. पावसाळ्यात कोठीतून धान्य न्यावे व सुगीत ते कोठीत परत घालावे, अशी ती साधी योजना होती. पण श्रावणात सावकाराच्या दारी जावे लागले नाही तर मार्गशीर्षात अंगठा उठवावा लागत नाही, हे तिच्यामागचे मर्म त्यांनी ओळखले होते. बेचाळीसच्या चळवळीत त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. त्यांच्या हौतात्म्याचे स्मरण दरसाल होते आणि ते व्हावयासच हवे. माझ्या मते मात्र त्यांच्या धान्यकोठ्यांचा विचार त्यांच्या मनोऱ्यांइतकाच केला गेला पाहिजे.

स्वराज्यानंतर कायद्याने ही बाजू उचलून धरली. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा कूळ हा जमिनीचा मालक मानला गेला. त्याच कायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्याची मनाई केली, आणि ४३ व्या कलमाने कुळास मिळालेली जमीन परवानगीवाचून विकण्यावर बंधन घातले. आदिवासींच्या जमिनींस १९७४ च्या दुरुस्तीने असेच, किंबहुना अधिक कडक, संरक्षण मिळाले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून जो रकाना असतो, त्यात ही बंधने दोन-तीन आखूड ओळींत नोंदलेली असतात. खरेदीदार पहिल्या रकान्यातील नाव आणि क्षेत्र पाहतो. या ओळी वाचतो तो त्याचा वकील, आणि न वाचल्यास त्या पुढे त्यासच वाचाव्या लागतात.

तथापि मुंबई वाढत होती, आणि कायद्याच्या भिंतीला वाटा फुटल्या. ऐंशीच्या दशकानंतर शेतघर ही कल्पना मध्यमवर्गापर्यंत पोहोचली. ज्यांच्या घराण्यात कोठे तरी, घाटावर का होईना, सातबारा होता त्यांनी शेतकरी असल्याचा दाखला काढला. ज्यांच्याजवळ नव्हता त्यांच्यासाठी बिनशेती केलेले भूखंड निघाले. आणि तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा असता पाच-पाच गुंठे सामाईक नावांवर विकण्याचाही प्रघात पडला. प्रथम विकली गेली ती वरकस. डोंगरउताराची ही जमीन राबासाठी पालापाचोळा, गुरांना चारा आणि नाचणी-वरी देई. तिचा आकार आण्यांत असे, आणि शेतकऱ्यासही ती खाचरापुढे हलकी वाटे. मुंबईकरास मात्र हवा होता तो हाच उतार, कारण तेथून दरी दिसते. वरकस गेल्यावर राब कोठे भाजावा हा प्रश्न उरला, आणि तो न सुटल्याने मागाहून खाचरही गेले, असे क्रमाने घडलेले मी अनेक गावांत पाहिले आहे.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि खालापूर दोन्ही शहरांच्या मध्यावर आले. या काळातील खरेदीच्या हंगामास एका सरकारी प्रथेचेही पाठबळ होते. दस्ताचे मुद्रांक शुल्क ज्या वार्षिक मूल्यदर तक्त्यावरून आकारतात, तो नवा तक्ता १ जानेवारीस अमलात येई. २०१६ पासून ती तारीख १ एप्रिल झाली. तोवर दरसाल डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कर्जतच्या व खालापूरच्या दुय्यम निबंधक कार्यालयांसमोर गर्दी उसळे. कारण दर वाढण्यापूर्वी दस्त नोंदविला म्हणजे शुल्कात बचत होई. पुढे २०२० च्या सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत शासनाने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली तेव्हा तीच गर्दी, तोंडावर मुखपट्ट्या बांधून, पुन्हा दिसली. पंचांगाचाही यात वाटा आहे. चातुर्मास कार्तिकी एकादशीस संपतो, तुळशीचे लग्न लागते, मार्गशीर्ष हा पुण्यमास. पौषात मात्र आपल्याकडे नवे शुभकार्य सहसा करीत नाहीत. म्हणून जागा मार्गशीर्षात पाहावयाची, इसार पौषापूर्वी द्यावयाचा, आणि खरेदीखत संक्रांत उलटल्यावर अथवा माघात करावयाचे, असा साधारण नेम ठरून गेला. जागा दाखविणारा मध्यस्थ रविवारी कुटुंबे घेऊन येतो; बांधावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगांची पोपटी लावतो; धूर निवेपर्यंत हवेत गारवा असतो, विहीर काठोकाठ असते, आणि मडके उघडता उघडता व्यवहारही तोंडी ठरतो.

येथेच सावध होण्याचे कारण आहे. हिवाळ्यात ही जमीन स्पष्ट दिसते, पण पूर्ण दिसत नाही. डिसेंबरात भरलेली विहीर मे महिन्यात तळ दाखविते, आणि तिच्या शेजारच्या वाडीस टँकरची वाट पाहावी लागते. डिसेंबरात कोरडा दिसणारा ओहोळ जुलैत पात्र सोडून वाहतो. गावकऱ्यांच्या पूर्वजांनी गावठाण उंचवट्यावर ठेवले आणि सखल भाग भातास दिला, तो या दोन्ही ऋतूंचा हिशेब करून. नवी घरे त्या सखल खाचरांत भराव घालून उभी राहतात, आणि अडलेले पाणी दुसऱ्याच्या बांधावर जाते. माथेरानभोवतीचा परिसर केंद्र सरकारने २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, त्यात या दोन्ही तालुक्यांची गावे आहेत. त्या अधिसूचनेचा अर्थ समजून घ्यावयाचा तर ते डोंगर आषाढात पाहिले पाहिजेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली; २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो डोंगर ओळखला त्यांच्यावरही तो कोसळला. वाचलेल्यांसाठी चौकजवळ नानिवली येथे सिडकोने पक्की घरे बांधली.

आणखी एका समाजाचा उल्लेख केल्यावाचून या विषयास न्याय मिळणार नाही. दिवाळी सरली की कातकरी कुटुंबे वाडी बंद करून वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटावी म्हणून नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुले चिखल मळतात, साच्यात घालतात, कच्च्या विटा उन्हात उलटतात आणि भट्टी रचतात, आणि वैशाखात परततात तेव्हा उचलेचा काही भाग बहुधा शिल्लकच असतो. या दोन तालुक्यांत हिवाळ्यात ठरलेली घरे त्या विटांची बांधलेली आहेत. आणि त्यांच्या स्वतःच्या वाड्यांचे काय, म्हणाल तर त्यांतील पुष्कळ वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. जेव्हा जमिनीस मोल नव्हते तेव्हा मालकाने आपल्या राखणीस व कामास माणसे असावीत म्हणून त्यांना तेथे राहू दिले, आणि मोल आल्यावर त्याच जागेवर कुंपणाचे खांब रोविले जाऊ लागले. अशा वाडीखालची जमीन संपादन करून तिचे गावठाण जाहीर करण्याचा अधिकार महसूल खात्यास आहे, आणि काही ठिकाणी तो वापरलाही गेला आहे. बाकीच्या वाड्यांची मोजणी येत्या उघाडीत हाती घेण्यास खात्यापुढे कसलीही अडचण मला दिसत नाही, कारण साखळीच्या जागी आता यंत्र आले आहे, नकाशे तयार आहेत, आणि वाडी कोठपासून कोठपर्यंत आहे हे दाखविण्यास तेथील म्हातारी माणसे अद्याप हयात आहेत. मोजणी मात्र दिवाळीपूर्वी, कुटुंबे भट्टीवर जाण्याच्या आत, झाली पाहिजे.